घरी मारलेले शिक्के

भिकाजी तोरसकर साकवाला घाबरतो, हे हुमरवण्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. आग्नेललाही नाही, आणि आग्नेल तर रोज त्याच्याबरोबर चालणारा. भिकाजी टपाल वाटायचा, आग्नेल पाव विकायचा. दोघांच्या वाटा सकाळी चावडीपासून खाडीकाठच्या खाजणापर्यंत एकच असत. एकाच्या खांद्याला खाकी पिशवी, दुसऱ्याच्या डोक्यावर मेणकापडानं झाकलेली टोपली. सहा वर्षं ही जोडी गावानं पाहिली होती. लोक म्हणत, पाव आला म्हणजे पत्रही आलंच.

सहा वर्षं झाली तरी भिकाजी कायम झाला नव्हता. आधीचा पोस्टमन गेल्यावर त्याला बदली म्हणून घेतलं, ते तसंच राहिलं. १९५९ साली मात्र कायम करायच्या यादीत त्याचं नाव गेलं. पोस्टमास्तरांनी शिफारशीत लिहिलं होतं, 'पावसाळ्यातही फेऱ्या नेमाने करतो.' घरी आई, आनंदी ही बायको आणि दोन मुली. हे एक वाक्य आपलं घर तारील, असं भिकाजीला वाटत होतं.

त्याच्या वाटेवर चार पत्रपेट्या होत्या. चौथी सगळ्यांत आडवाटेची, ओढ्याच्या म्हणजे व्हाळाच्या पलीकडे, साकव ओलांडून, बंगल्याच्या बागेत. कधीकाळी एका गोऱ्या इंजिनियरानं तिथं मुक्कामाचा बंगला बांधला आणि भोवती बाग केली. सुरूच्या दोन रांगा, चार दगडी बाक, मधे कोरडा हौद आणि 'फुले तोडू नयेत' अशी पाटी. फुलं उरली नव्हती, पाटी होती. फाटकाच्या खांबावर लाल पेटी होती आणि बागेमागं देवखोल वाडीची सात घरं.

प्रत्येक पेटीच्या आत, दाराच्या पाठीमागे, साखळीला एक छोटा पितळी शिक्का अडकवलेला असे. पेटीगणिक अक्षर वेगळं. पोस्टमननं पेटी उघडायची, पत्रं काढायची आणि जवळच्या शाईच्या गादीवर शिक्का दाबून गावशीटावर, म्हणजे फेऱ्यांच्या नोंदीच्या कागदावर, त्या दिवसाच्या रकान्यात उठवायचा. पेटीपर्यंत माणूस गेला याचा तोच पुरावा. व्हाळाला पूर असेल तर शेऱ्याच्या रकान्यात 'पूर, फेरी नाही' असं लिहायची मुभा होती. त्यासाठी कोणाची नोकरी जात नसे.

पण पूर असायला हवा. जुलैच्या बावीस तारखेला, बुधवारी, पूर नव्हता. पाणी साकवाच्या हातभर खाली होतं. साकव म्हणजे काय, तर माडाचे दोन ओंडके आणि एका बाजूला बांबूचा कठडा. मधोमध भिकाजीचा पाय शेवाळावरून सटकला. छत्री गेली. तो दोन्ही हातांनी ओंडक्याला लटकला आणि पाण्यानं त्याचे पाय कमरेपासून आडवे ओढले. किती वेळ ते त्याला कधी सांगता आलं नाही. कसाबसा वर आला. त्याला पोहता येत नव्हतं. दर्यापासून दीड कोसावर जन्मलेल्या माणसानं हे कोणाला सांगायचं?

दोन दिवसांनी, शुक्रवारी, तो पुन्हा एकदा गेला. पलीकडे पोचल्यावर सुरूच्या झाडाला धरून तो ओकला. मग पेटी उघडली, साखळीतून शिक्का सोडवला, रुमालात बांधला आणि खिशात घातला.

त्यानंतर तो बागेत गेला नाही. देवखोलचं आलेलं टपाल तो व्हाळाअलीकडच्या दुकानात ठेवी, मीठमिरचीला आलेलं कोणीतरी ते घेऊन जाई. आणि सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी, घरी माजघरात, तांदळाच्या डब्यावर गावशीट पसरून तो शिक्का मारी. 'पूर' लिहिणं शक्य नव्हतं. ज्या साकवावरून देवखोलच्या बायका डोक्यावर माडाच्या चुडतांचे भारे घेऊन येत होत्या, त्याला पूर कसा म्हणणार? कोणीही विचारलं असतं.

असे सात शिक्के झाले.

ऑगस्टच्या बारा तारखेला, बुधवारी, पाऊस पहाटेपासून थांबला नव्हता. भिकाजी पिशवी भरत असताना मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "तोरसकर, ओव्हरसियर मालवणात उतरलेत. मोटारीचा ड्रायव्हर सांगत होता. आज बंगल्याच्या पेटीकडे जायचं म्हणतायत. तुमचं सगळं ठीक आहे ना?"

"होय," भिकाजी म्हणाला.

"मग झालं. तुमच्या यादीचंच काम असणार."

भिकाजीनं खिशावर हात ठेवला. शिक्का तिथंच होता. फेऱ्या तपासणारे हे साहेब पेटीपाशी पोचण्याआधी तो साखळीला लागला पाहिजे. एवढंच. एवढं झालं की सगळं पूर्वीसारखं, असं तो मनात म्हणत राहिला.

खाजणापाशी आग्नेल गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन उभा होता. टोपली बहुतेक रिकामी झाली होती.

"आग्नेल, आज बागेपर्यंत येतंस?"

"तुका सोबत कित्याक रे? नवरी काय तू?"

"चल मरे. पाऊस बघ केदो आसा."

"पाऊस रोज आसा. तुझा तोंड मात्र आज येगळा आसा." आग्नेलनं टोपली दुकानाच्या वळचणीला ठेवली. "चल. थंय बंगल्यार मथुरा चाय देता काय बघूया."

साकवाखाली पाणी तांबडं, जाड झालं होतं. ओंडक्यांना लागत नव्हतं, पण मधे वीतभरच अंतर उरलं होतं. वरून आलेली एक फांदी ओंडक्याला अडली, थरथरली आणि खालून निघून गेली. भिकाजी ती जाईपर्यंत पाहत राहिला.

"हो फुडे," आग्नेल मागून म्हणाला.

भिकाजीनं पाय उचलला आणि परत ठेवला. पुन्हा उचलला. आग्नेलनं वाकून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"सायबा! भियालंस तू?"

"वायच पाय दुखता."

"खोटा बोलू नको. तुझे हात बघ." भिकाजीचा कठड्यावरचा हात बांबूसकट हलत होता. आग्नेलनं त्याच्या कमरेचा पट्टा पाठीमागून मुठीत धरला. "फुडे बघ. पाण्याक बघू नको. त्या सुरूक बघ. एक, दोन... चल, गुराक नेतत तसो नेतंय तुका."

ते गेले. भिकाजीला आठवतं ते एवढंच, की पाण्याच्या आवाजात आग्नेल मोठ्यानं आकडे मोजत होता आणि सतराच्या पुढे त्याचा आकडा चुकला. भिकाजी पलीकडे पोचला. तो चिखलात बसला.

"किते दिस ह्या?" आग्नेलनं विचारलं.

"मागीर सांगतंय."

बागेत कोणी नव्हतं. सुरूच्या पानांतून पाणी गळत होतं, हौद भरून वाहत होता. भिकाजीनं आधी बंगल्याकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. पडवी सुरूंच्या आड येत होती, दिसत नव्हती. तो पेटीशी गेला. किल्ली भोकात जाईना. तीनदा प्रयत्न झाल्यावर आग्नेलनं त्याच्या हातातून ती घेतली आणि कुलूप उघडलं.

भिकाजीनं खिशातून रुमाल काढला, गाठ दातानं सोडली आणि शिक्का साखळीला अडकवला. पितळ साखळीवर खणकलं. त्याला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं.

"ह्या काय?" आग्नेल म्हणाला. "शिक्को तुझ्या खिशात कसो?"

भिकाजीचं लक्षच नव्हतं. तो पेटीत पाहत होता. आत दोन पत्रं होती. एक निळं अंतर्देशीय, मुंबईचा पत्ता, अक्षर मथुराच्या मुलीचं. मथुरा बंगला झाडणारी, पाहुण्यांना जेवण करून घालणारी. आणि दुसरं साधं पोस्टकार्ड. त्यावर पत्ता ओव्हरसियरचा होता. मजकूर एका ओळीचा, ओव्हरसियरच्याच हातचा.

'दि. ३० जुलै १९५९. दुपारी चार वाजता या पेटीत टाकले.'

भिकाजीनं ते दोनदा वाचलं. अशी तपासणी कधीतरी होते, हे त्याला माहीत होतं. साहेब सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या, गाडीवाटेनं गुपचूप येतात, पेटीत स्वतःच्या नावाचं कार्ड टाकतात आणि ते केव्हा पोचतं याची वाट बघतात. तीस जुलैला गुरुवार होता. एकतीसला त्यानं शिक्का मारला होता. तीनला, पाचला, सातला, दहाला. पाच वेळा तो या पेटीपाशी येऊन गेल्याचं गावशीट सांगत होतं, आणि कार्ड पेटीतच होतं. शिक्का परत लावून काहीच साधलं नव्हतं. शिक्केच आता त्याच्या विरुद्ध साक्ष देत होते.

खाली बाकावर बसून त्यानं आग्नेलला सगळं सांगितलं. वाक्यं तुटत होती. आग्नेलनं खोळ मागं सारली आणि तोंडावरचं पाणी निपटलं.

"म्हणजे नोकरी गेली?"

"गेली."

"फाड ता कार्ड."

"काय?"

"फाड आणि व्हाळात सोड. कार्ड गावला नाय, तर कोण काय म्हणतलो? वाटेत खंयतरी हरवला. टपाल काय हरवत नाय?"

भिकाजीला ते पटलं, हे त्यानं पुढं कधी लपवलं नाही. त्यानं कार्ड दोन्ही हातांत धरलं. टपाल फाडलं तर नोकरीपुरतं राहत नाही, पोलीस येतात, हे त्याला मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण पोलिसांचा विचार त्याच्या मनात त्या वेळी आला नाही. आली ती नुसती भीती, साकवावर येते तशी. बोटं कार्डाला चिकटल्यासारखी झाली. त्यानं ओढलं. कार्ड मधोमध दुमडलं, त्यावर पांढरी घडी पडली. फाटलं नाही.

"दी हाडे," आग्नेल म्हणाला. "मी फाडतंय."

"नको."

"अरे मेल्या..."

"इले गो, इले! पोस्टमन इले!" मथुरा इरलं सावरत सुरूच्या रांगेतून धावत येत होती. "आमका वाटला, व्हाळान गिळल्यान तुमका. आणि ह्यो पाववालो कित्याक? पावाचो कागद कोणाक इलो?"

"तुझ्या चायेच्या वासान इलंय," आग्नेल म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

मथुरा जवळ आली आणि आवाज खाली आणून बोलू लागली. "हळू बोला. सायब पडवेत बसलेले आसत. सकाळच्यान. सड्यावरसून इले. तुमचीच वाट बघतत."

भिकाजी उठला नाही.

"माका इचारल्यानी, पोस्टमन कधी इल्लो? मी म्हटलंय, येता मरे, आमी कामात, आमका काय कळता? मी काय तुमचा वायट करूचंय?" ती हे सांगताना जरा फुशारली. मग तिची नजर त्याच्या मांडीवर गेली. निळं अंतर्देशीय. तिनं बोट दाखवलं. "ह्यो माझो कागद."

भिकाजीनं पत्र मांडीवरून उचललं.

"आठ दिस झाले तेका टाकून! घोवाचो पाय मोडलो, हॉस्पिटलात आसा, चेडवाक सांगून कागद लिहिलंय, येव काय म्हणान. आठ दिस मी जबाबाची वाट बघतंय. माका वाटला, तेका राग इलो. आणि ह्यो हयसरच?" तिचा आवाज आता खाली राहिला नाही. "तुमच्यासाठी सायबाकडे खोटा बोललंय मी! मी!"

पडवीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तोरसकर," कोणीतरी शांतपणे हाक मारली. "इकडे या."

पाटीला वळसा घालून पडवीपर्यंत वीस पावलं असतील. आग्नेल बरोबर चालला, त्याला कोणी बोलावलं नव्हतं. ओव्हरसियर पन्नाशीचे, बारीक, कोटाला बटणं गळ्यापर्यंत लावलेली. पुढ्यात काळा चहा होता. त्यांनी आधी गावशीट मागितलं. त्यावरून बोट फिरवत ते खाली गेले.

"जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातले शिक्के पाहा. फुटलेले, शाई पसरलेली. भर पावसात, छत्री मानेत धरून मारलेला शिक्का असाच येतो." बोट आणखी खाली गेलं. "आणि हे सात पाहा. छापखान्यातल्यासारखे. एकाच उंचीवर. एक थेंब नाही. मी पंचवीस वर्षं शिक्के बघतोय, तोरसकर. पेटीत काय मिळालं?"

भिकाजीच्या हातात अंतर्देशीय होतं. कार्ड त्यानं पिशवीच्या आतल्या कप्प्यात सरकवलं होतं, केव्हा ते त्यालाही कळलं नव्हतं. आग्नेल पावसाकडे पाहत होता. मथुरा खांबाआड उभी होती. अंतर्देशीय पुढं केलं आणि 'एवढंच' म्हटलं, तर खांबामागची बाई काय बोलेल, हे त्याला सांगता येत नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं, की आणखी एक लपवलेली गोष्ट घेऊन रोज चालायची, हे आता त्याला झेपणार नव्हतं. वीस दिवस खिशातल्या रुमालानं त्याला झोपू दिलं नव्हतं.

त्यानं कप्प्यात हात घातला आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

साहेबांनी ते उलटं केलं, सुलटं केलं. "ही घडी कसली?"

"फाडूक बघलंय... फाडायला घेतलं होतं, साहेब. झालं नाही."

"का नाही झालं?"

"भियालंय."

"आणि शिक्का घरी का नेलात?"

"ता पण... तेही भीतीनंच. साकवाच्या." त्यानं बावीस तारखेची हकिकत सांगितली, मराठीत सुरू केली आणि मालवणीत संपवली. पाय कसे आडवे ओढले गेले, हे सांगताना त्यानं हातानं दाखवलं.

"भीती वाटत होती, तर सांगायचं होतं."

"कोणाला?" भिकाजीनं विचारलं.

त्यात उर्मटपणा नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. साहेबांनी चहाचा घोट घेतला. मग कोरा कागद पुढं सरकवला. "जबाब लिहा. आता सांगितलंत तसाच."

लिहायला अर्धा तास लागला. सही केल्यावर साहेब म्हणाले, "आज संध्याकाळपासून तुम्ही कामावर नाही. पुढचं वरून कळेल. कायम करायच्या यादीतून नाव मला काढावं लागेल." त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं. "पण पिशवी कचेरीत जमा होईपर्यंत तुम्ही पोस्टमन आहात. या बाईचं पत्र आजच्या डाकेत गेलं पाहिजे. मोटार तीनला सुटते. सड्यावरून अडीच कोस पडतं. कसं जायचं ते तुम्ही ठरवा."

साडेबारा वाजून गेले होते. वाटेत दोन ठिकाणी दरड आल्याचं साहेबांनीच सांगितलं होतं. सड्यावरून गेलं तर मोटार मिळाली असती किंवा नसतीही. भिकाजीनं मथुराकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

"साकवावरून जातो," तो म्हणाला.

पाणी आता ओंडक्यांना चाटत होतं. कधीकधी एखादी लाट वरून जाई. आग्नेलनं हात पुढं केला. "पिशी माझ्याकडे दी. तू नुसतो ये."

मागून साहेबांचा आवाज आला. ते छत्री घेऊन काठापर्यंत आले होते. "पिशवी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही."

"मेलो हो," आग्नेल पुटपुटला. साहेबांना म्हणाला की भिकाजीला, ते कळलं नाही. मग तो आधी पलीकडे गेला आणि तिथून ओरडला, "भिकाजी! उभो ऱ्हवतंस कित्याक? बसून ये! घोड्यार बसतंस तसो!"

भिकाजीनं मागं पाहिलं. साहेब होते, मथुरा होती, तिच्यामागं देवखोलच्या आणखी दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. खाकी कपड्यातला माणूस साकवावर बसून सरकताना कोणी पाहिला नव्हता. तो ओंडक्याच्या टोकाशी आला, वाकला आणि दोन्ही बाजूंना पाय सोडून बसला. पिशवी पुढं ठेवली. ती वीतभर ढकलायची, मग हातांवर भार देऊन आपण सरकायचं. पाण्यानं त्याचे पाय धरले तेव्हा तो ओरडला, शब्द नव्हता, नुसता आवाज. बायकांपैकी एक हसली. तो थांबला. पुन्हा पिशवी ढकलली.

मधोमध लाट वरून गेली आणि त्याची मांडी भिजली. तो ओंडक्याला पोटाशी धरून पालथा पडला, पिशवी छातीखाली घेऊन. आग्नेल आता आकडे मोजत नव्हता. तो ओंडक्यावर गुडघे टेकून हात लांब करून होता आणि काही बोलत नव्हता. भिकाजी तसाच सरपटत आला. आग्नेलच्या हाताला हात लागला तेव्हा तो रडत होता. पावसात ते कोणाला दिसायचं कारण नव्हतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी पिशवी कचेरीत पोचली. मास्तरांनी अंतर्देशीय कोरडं आहे का ते पाहिलं, ठसा मारला आणि थैलीत टाकलं.

खात्यानं त्याला कामावरून काढलं आणि त्याला मिळायची कायम जागा जामसंड्याच्या एका माणसाला दिली. तो माणूस पुढच्या आषाढात, साकवाखालचं पाणी एकदा पाहून, बदली मागून गेला. दुसरं कोणी येईना, म्हणून मास्तरांनी भिकाजीला बोलावलं, पुन्हा बदलीवरच. तो आला. आनंदीनं खाकी कपडे पेटीतून काढून दिले आणि काही विचारलं नाही. १९६६ साली, वयाची अडतिशी उलटल्यावर, तो कायम झाला.

त्या सहा वर्षांत पाणी ओंडक्याला लागलं की तो शेऱ्यात लिही. पाणी खाली असलं की साकवावर बसून, पिशवी पुढं ढकलत, बागेत जाई. पहिल्या पावसाळ्यात देवखोलच्या बायका ते बघायला मुद्दाम व्हाळावर येत. मथुरा एकदा मोठ्यानं म्हणाली होती, "पोस्टमनानू, घोड्याक चाबूक देव काय?" भिकाजी पलीकडे पोचला, उभा राहिला, चड्डीचा चिखल झाडला आणि तिच्या घरचं मुंबईहून आलेलं पाकीट तिच्या हातात दिलं. भीती गेली का, असं कोणी विचारलं, तर तो 'नाही' म्हणायचा.